मागे बसणाऱ्यांचं वाद्य

मैफलीत श्रोत्यांची नजर गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते, रंगत चढली की ती तबलजीच्या हातांवर जाते. मागे तंबोरा घेऊन बसलेल्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण आम्ही तंबोऱ्याची माणसं एकमेकांना भेटलो की आमचं सगळं बोलणं वाद्याभोवती फिरतं. गवसणीची नाडी सुटते, भोपळा उजेडात येतो आणि चार जण आपोआप भोवती जमतात. कुणी दांडीवरून हात फिरवतं, कुणी तबलीचा फुगवटा बघायला वाकतं, कुणी खुंटी हळूच पिळून तिची पकड जोखतं. मग प्रश्न सुरू होतात. मिरजेचा का? कुणाच्या हातचा? जवारी शेवटची कधी काढली? सगळ्यात शेवटी, ज्याचा तंबोरा त्याला विचारून, एक जण खर्जाच्या तारेला बोट लावतो. तार विझेपर्यंत सगळे ऐकतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "काय बोलतोय हो हा!"

एखादा तंबोरा का 'बोलतो' आणि दुसरा, दिसायला तितकाच देखणा असूनही, का मुका राहतो, हे कळून घेण्यात माझी बरीचशी वर्षं गेली. मी फलटणला गाण्याचे वर्ग घेते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवते, गावातल्या आणि आसपासच्या मैफलींत गायकांच्या मागे तंबोऱ्यावर बसते. तंबोरा गाणाऱ्याला आधार देतो, असं सगळेच म्हणतात. माझा अनुभव त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. उत्तम तंबोरा आधी ऐकायला शिकवतो, आणि एकदा कान तयार झाला की तुम्हाला स्वतःच्या सुराबद्दल गैरसमज करून घेऊ देत नाही. म्हणून त्याच्याबद्दल मला जे वाटतं त्यात कौतुक आहे आणि त्याहून जास्त ऋण आहे.

ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाईंकडे दोन तंबोरे होते. एक नवा, चकचकीत, दांडीवर पांढरी पट्टी आणि वेलबुट्टी. दुसरा जुना. त्याचं लाखेचं पॉलिश काळपट तांबूस झालेलं, भोपळ्यावर डागडुजीच्या खुणा, एक खुंटी बाकीच्या तिघींशी न जुळणारी. नवीन मुली साहजिकच नव्याकडे धावायच्या. बाई काही बोलत नसत. जुना जुळवून मांडीवर घेत आणि आम्हाला डोळे मिटायला सांगत. पहिल्यांदा नुसत्या चार तारा ऐकू यायच्या: पंचम, जोड, जोड, खर्ज. मग तारांच्या मधली सांधणी हरवायची. एक लांब, गोल, भरलेला नाद खोलीभर व्हायचा आणि त्यात कुठूनतरी एक पाचवाच स्वर वर यायचा. "काय ऐकू येतंय?" बाई विचारायच्या. आम्ही गप्प. "गंधार ऐका. मी तो लावलेला नाही, तो आपला आपण येतोय."

तो स्वयंभू गंधार मला ताबडतोब ऐकू आला नाही. आला, त्या दिवसापासून माझं गाणं बदललं, कारण तोवर मी पेटीवर मिळणारा गंधार गात होते. तंबोऱ्यातून येणारा गंधार त्याहून किंचित खाली असतो, शांत असतो. त्याच्यावर आपला आवाज नेमका बसला की आपलाच आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. हा अनुभव तोंडी समजावून देता येत नाही. त्यासाठी चांगलं वाद्यच हवं.

*

फलटणला राहून तंबोऱ्याचा ध्यास घेण्यात एक सोय आहे. तंबोऱ्याच्या जन्माचे दोन्ही रस्ते इथून जातात. पूर्वेकडचा रस्ता बरड, नातेपुते, माळशिरस करत पंढरपूरला पोचतो. माउलींची पालखी याच वाटेने जाते, फलटणला तिचा मुक्काम असतो. दक्षिणेकडचा रस्ता दहिवडी, मायणी, विटा, तासगाव करत मिरजेला नेतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठी तंबोऱ्याचा भोपळा पिकतो आणि मिरजेत त्याचा तंबोरा होतो.

हा भोपळा कडू असतो, भाजीच्या कामाचा नाही. तो वेलीवरच जून होऊ देतात आणि मग महिनोन्महिने वाळवतात. पुरुषांच्या स्वराच्या मोठ्या तंबोऱ्याला साधारण चार फुटांहून अधिक घेराचा भोपळा लागतो, बायकांच्या स्वराला त्याहून लहान. घेराइतकंच महत्त्व सालीला असतं. साल फार पातळ असेल तर ओढ सहन होत नाही, फार जाड असेल तर नाद कोंडतो. कुठे किडीचं भोक, कुठे आत दडलेली चीर, कुठे एका अंगाला सपाटी, हे सगळं वाळल्यावरच कळतं. निवडणारा माणूस भोपळा दोन्ही हातांत फिरवून त्यावर बोटाने टिचक्या मारतो आणि कान देऊन ऐकतो. तंबोऱ्याचं ऐकणं तिथून सुरू होतं.

पालखीच्या दिवसांत फलटणला दिंड्या उतरल्या की मी मुद्दाम वीणेकऱ्यांच्या वीणा बघत हिंडते. कीर्तनाची, भजनाची वीणाही भोपळ्याचीच. अखंड धरलेला सूर हेच तिचं काम. वीणेकरी ती जमिनीवर टेकवत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या वीणांवर उन्हापावसाचे आणि हाताचे डाग असतात, तारांना घाटदार सूर असेलच असं नाही. पण वाद्याला इतक्या आदराने वागवणारी माणसं मला फार थोड्या ठिकाणी भेटली आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी तेवढ्यासाठी बरोबर नेते.

*

मिरजेत वाद्यं बनवायचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालं. फरीदसाहेब सतारमेकर यांच्याकडे त्याचं श्रेय जातं. मूळचं हे शिकलगारांचं घराणं. तलवारी, भाले, बर्च्या घासूनपुसून धार लावणं हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमल बसला, संस्थानांच्या फौजा आटल्या, हत्यारांना काम उरलं नाही. पटवर्धनांच्या मिरजेत गाण्याला आश्रय होता, उत्तरेकडून येणाऱ्या कलावंतांची वाद्यं बिघडत होती आणि ती दुरुस्त करणारं जवळपास कुणी नव्हतं. दुरुस्ती करता करता हात बसला आणि दुरुस्तीतून निर्मिती उभी राहिली. पोलादावर केसभर जागा राखून घासण्याची सवय असलेल्या हातांनी कानस तीच ठेवली, फक्त तिच्याखाली आता हाड, शिंग आणि लाकूड आलं.

सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी वास येतो: लाख, स्पिरिट, ओलं लाकूड आणि सरस. दारात भोपळ्यांची रास. आत एक जण पाण्यात भिजवून मऊ केलेल्या भोपळ्याच्या पोटातला गाभा खरवडत असतो. ओला भोपळा आतून काठ्यांचे टेकू देऊन हव्या त्या आकारात ताणून वाळवतात. मग त्यावर लाकडी गळा बसतो, गळ्याला पोकळ दांडी जोडली जाते आणि वरून तबली, म्हणजे पुढची पातळ लाकडी फळी. लाकूड तुनाचं. ते हलकं असतं, त्याला वास असतो आणि ते चांगलं मुरलेलं असावं लागतं. तबली पातळ करण्याचं काम मी तासन्‌तास बघत बसले आहे. कारागीर मधूनमधून थांबून तबलीवर बोटाने ठोकतो. मध्यभागी एक आवाज, कडेला दुसरा. कुठे आणखी तासायची आणि कुठे हात आवरायचा, हे तो आवाजावरून ठरवतो. माप घ्यायचं साधन बाजूलाच पडलेलं असतं, पण त्या क्षणी त्याला ते लागत नाही.

माझा स्वतःचा तंबोरा मी तिथेच घेतला. मला काळी चारच्या स्वराचा हवा होता. दुकानात तयार असलेले तीन-चार मी डोळ्यांनी पसंत करून बाजूला काढले. कारागीर वयाने मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते म्हणाले, "ताई, घाई करू नका. बसा. चहा घ्या. मी एकेक लावतो, तुम्ही तिकडं तोंड करून बसा." भिंतीकडे तोंड करून मी ऐकत राहिले. एकाचा पंचम सुरेख, पण खर्ज लवकर मिटायचा. एकाचा नाद मोठा, पण त्यात तारांची खरखर जास्त. एकाचा नाद पहिल्या आघाताला लहान वाटला आणि मग फुलत गेला, पुढची तार छेडेपर्यंत पहिली खाली पडलीच नाही. "हा," मी म्हटलं. वळून बघितलं तर सगळ्यांत साधा होता, नक्षी जवळजवळ नाहीच. चाचा खूश झाले. "याची लाकडं माझ्या वडलांनी ठेवलेली," ते म्हणाले.

*

तंबोऱ्याचं खरं रहस्य घोडीवर असतं, आणि ते नखाएवढ्या जागेत मावतं. घोडी म्हणजे तबलीवरचा तो बुटका पाट, ज्याच्यावरून चारही तारा जातात. पूर्वी ती हस्तिदंताची, सांबरशिंगाची किंवा हाडाची असे. वन्यजीव संरक्षणाचे कायदे आल्यापासून शिंग आणि हस्तिदंत गेले. आता कठीण लाकूड, उंटाचं हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण बोट फिरवलं की कळतं, त्याला अतिशय बारीक बाक आहे. तार कंप पावताना त्या बाकावर टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. त्या स्पर्शातून झंकार येतो. हा बाक बरोबर साधणं म्हणजे जवारी काढणं.

जवारी काढताना चाचा तार सैल करून बाजूला सारतात. बारीक कानशीने दोन-तीन हात मारतात, फुंकर घालतात, तार परत जागेवर आणून ताणतात आणि छेडतात. मान नकारार्थी हलते. परत तार बाजूला. कधी कानशीचा एकच हात, कधी नुसता पॉलिश पेपर. एका तारेला अर्धा तास सहज जातो. तार बरोबर आली की ते तिच्याखाली, घोडीच्या माथ्यावर, सुती दोरा सरकवतात. दोरा पुढे घेतला की आवाज दबलेला, थोटा येतो. पाव बोट मागे सरकवला की एकदम कुणी दार उघडावं तसा नाद मोकळा होतो. आणखी किंचित मागे, आणि तो पत्र्यासारखा वाजायला लागतो. मधली ती एक जागा, जिथे नाद खुला आहे आणि तरीही गोल आहे, ती केसभरच असते. चार तारांना चार जागा. चारही तारांची जवारी एकसारखी खुलली पाहिजे, एकही पुढे पुढे करता कामा नये.

याच जागेने एका मोठ्या शास्त्रज्ञाला विचार करायला लावलं होतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात वीणेची आणि तंबोऱ्याची घोडी हाच विषय होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो, ते उपस्वर त्या तारेतून निघू नयेत, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्रातला जुना नियम. तंबोऱ्याची तार तर आपण साधारण मध्यावर छेडतो. ती बरोबर मध्यावर छेडली तर तिच्यातून निम्मे उपस्वर गायब व्हायला हवेत. रामन यांना ते स्पष्ट ऐकू आले. त्या रुंद, बाकदार घोडीमुळे आणि तारेखालच्या दोऱ्यामुळे हे घडतं, असं त्यांनी दाखवलं. बाई ज्याला 'आपला आपण येणारा' गंधार म्हणत, तो खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर. तारेत तो असतोच. साध्या घोडीवर तो कानाआड राहतो, चांगली जवारी त्याला पुढे आणते. नववीतल्या मुलांना हे सांगितलं की त्यांच्या डोळ्यांत चमक येते. विज्ञानाच्या पुस्तकातली तार आणि गाण्याच्या वर्गातली तार एकच आहे, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळतं.

रामन यांच्या आधीच आमच्या भागात या सुरांचा हिशेब मांडायला माणसं बसली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्या कामात सामील झाले. प्रयोगांसाठी गळा मिळाला तो खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा. खाँसाहेब मिरजेला राहिले. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा हात बसलेला होता आणि तंबोरा लावण्यात त्यांच्या तोडीचा माणूस नाही, असं जुने लोक सांगत. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचं देहावसान झालं. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात तिथे त्यांच्या स्मृतीत गाणं होतं. मी त्या गर्दीत बसून ऐकलं आहे. त्यांच्या किराणा घराण्याचं गाणं एकेका स्वरावर इतकं रेंगाळतं, ते ज्या गावात तंबोरे बनतात त्या गावात रुजलं, यात मला नवल वाटत नाही. मागे असा नाद भरून राहिला असेल तर स्वर सोडून पळायची इच्छाच होत नाही.

*

चांगल्या तंबोऱ्याचं मोल सगळ्यात जास्त कळतं ते दोन तंबोरे एकमेकांशी जुळवताना. आमच्या जिल्ह्यात त्यासाठी औंधसारखी जागा नाही. अंतूबुवा जोशी यांनी गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीतोत्सव तिथे दर वर्षी आश्विनात होतो. पुढे गजाननबुवा जोशींनी तो वाढवला. मी तिथे श्रोता म्हणून जाते, पण माझे पाय मैफलीच्या आधी मागच्या बाजूला वळतात, कारण तिथे तंबोरे लागत असतात.

एका वर्षी एक कॉलेजातला मुलगा आणि एक पन्नाशीतले गृहस्थ समोरासमोर बसून जोडी जुळवत होते. मुलाचा तंबोरा एकटा ऐकला तर चोख लागलेला. गृहस्थांनी आपल्या जोडाची तार छेडली, मुलाला त्याची छेडायला लावली आणि विचारलं, "लाट ऐकू येते का?" दोन तारांमध्ये अगदी थोडं अंतर असलं की नाद हेलकावे खातो, वाँव-वाँव असा. मुलगा कान देऊन ऐकू लागला. खुंटीला हात न लावता त्याने तारेतला सूर जुळवायचा मणी बोटाच्या पेराने खाली ढकलला. लाट लांबली. आणखी थोडा. लाट इतकी लांबली की दोन श्वासांत एकदा येऊ लागली, मग थांबली. दोन तंबोऱ्यांचा मिळून एकच तंबोरा झाला. गृहस्थ म्हणाले, "आता शेवटपर्यंत हा कान असाच ठेव. गाणारा थांबला तरी तू थांबायचं नाही."

तंबोऱ्यावरच्या माणसाचं सगळं काम त्या वाक्यात आलं. मधल्या बोटाच्या मऊ भागाने पंचम, तर्जनीने दोन जोड आणि खर्ज. नख लागू द्यायचं नाही. तबल्याच्या ठेक्यात सापडायचं नाही, तबला द्रुतात गेला तरी आपली गती आपलीच. दोन तास बोट दुखलं तरी आघात पहिल्यासारखाच. मध्येच गायकाने मान किंचित तिरकी केली की समजायचं, कुठली तरी तार उतरली, आणि गाण्यात खंड न पाडता मण्याने ती सावरायची. इतकं करून माणूस अदृश्य राहतो. मला या कामात कधी कमीपणा वाटला नाही. उत्तम तंबोरा मांडीवर असला की गालाजवळ दांडी थरथरत असते, छातीला भोपळ्याचा नाद जाणवतो. मैफलीतली सगळ्यात समृद्ध जागा गाणाऱ्याच्या मागची असते, हे मी खात्रीने सांगू शकते.

मागे बसणाऱ्यांचं जगभर हे असंच आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मागच्या रांगेत माणसाहून उंच डबल बास उभे असतात. मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांतही गोव्याच्या वादकांनी ती बाजू सांभाळली. हे बासवादकही वाद्य बघून असेच हरखतात, लाकूड, बाक, जुना हात यांवर तासन्‌तास बोलतात. व्हेनिसचा डोमेनिको ड्रॅगोनेट्टी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला मोठा बासवादक. त्याच्याजवळ सोळाव्या शतकात नावारूपाला आलेल्या ब्रेशियाच्या गॅस्पारो दा सालो या कारागिराचा बास होता. लंडनमध्ये आयुष्याचा मोठा काळ घालवून १८४६ साली तो वारला, तेव्हा तो बास व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चला जावा अशी त्याने व्यवस्था केली होती. वाद्य आपलं नाही, आपण काही काळ त्याचे आहोत, ही जाणीव मला त्याच्यात दिसते. बाईंचा जुना तंबोरा त्यांच्या गुरूंकडून आलेला होता. त्यांनी तो एका मुलीला दिला, जिचा आवाज सामान्य आणि कान असामान्य होता.

*

फलटणच्या हवेत तंबोरा सांभाळणं हे वर्षभराचं काम आहे. चैत्र-वैशाखात इथली कोरडी झळ लाकडाला शोषून घेते. खुंट्या सैल पडतात, लावता लावता सरकतात. त्यांना खडू चोळावा लागतो. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अडकतात. दुपारी लावलेला तंबोरा संध्याकाळी भलतीकडेच गेलेला असतो. गवसणीत घालून कोपऱ्यात उभा केला म्हणजे तो सांभाळला, असं होत नाही. तो रोज वाजला पाहिजे. महिनाभर बंद राहिलेला तंबोरा उघडला की नाद आखडलेला येतो आणि चार-आठ दिवस रोज छेडल्यावर परत खुलतो. तारा रोजच्या घर्षणाने घोडीवर बारीक चरे पाडतात, मग जवारी उतरते आणि मिरज गाठावी लागते.

एका प्रवासात गाडीत कुणाची तरी जड पेटी माझ्या तंबोऱ्यावर आली. गवसणीवरून काही कळलं नाही. घरी उघडला तर भोपळ्याला वीतभर चीर. पोटात कालवाकालव झाली. चाचांनी तबली उतरवली, आतून सरसात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवल्या, बाहेरून चीर बुजवून घासली आणि लाखेचे हात दिले. काही आठवड्यांनी तंबोरा हातात आला तेव्हा नाद थोडा घट्ट होता, रोज वाजवून वाजवून मोकळा झाला. आजही ती जागा बोटाला कळते. दुरुस्तीची खूण असलेला तंबोरा मी तेव्हापासून कधी नाकारला नाही. ज्याच्यावर कुणीतरी इतकी मेहनत घेतली, तो जपण्यासारखाच होता.

*

१९७०च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक तंबोरे आले, आता ते मोबाइलमध्ये आहेत. माझ्या वर्गातली मुलं एस.टी.ने खेड्यांतून येतात, त्यांच्या घरी तंबोरा ठेवायला जागा नाही आणि तो घ्यायला पैसाही नाही. त्यांनी मोबाइलवर रियाज करावा, मीच त्यांना तो लावून देते. त्या यंत्राने कितीतरी मुलांचा रियाज टिकवला आहे. पण वर्गात आलं की मोबाइल बंद. प्रत्येकाने तंबोरा मांडीवर घ्यायचा आणि स्वतः जुळवायचा. यंत्र कायम सुरात असतं, म्हणून त्याच्याबरोबर कानाला काम उरत नाही. तंबोरा सतत उतरत असतो, म्हणून कान सतत जागा राहतो. परीक्षेचा अभ्यासक्रम जरा मागे राहिला तरी चालेल, पण मुलीने जोड जुळवला आणि लाट थांबलेली तिची तिला कळली, की तिच्या गाण्याचा पाया घातला गेला असं मी समजते.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी मला माझ्या घरचंच काही झाल्यासारखा आनंद झाला. मानांकनाने नाव राखलं जाईल, नक्कल थोपवली जाईल. हात राखायचे तर त्यासाठी वापरणारे लागतात. कारागिरांची पुढची पिढी ठोक मालाची घाई करण्याऐवजी तबलीवर बोट ठोकत तासभर बसायला तेव्हाच तयार होईल, जेव्हा तो तास ऐकू येणारी आणि त्याचे पैसे मोजणारी गिऱ्हाइकं असतील. स्वस्तातला, नुसता नक्षीदार तंबोरा मागणारे आम्ही शिक्षकच असलो, तर कारागिराला दोष देता येणार नाही.

म्हणून माझ्याकडे कुणी पालक विचारायला आले, की मुलीसाठी तंबोरा कुठला घेऊ, तर मी त्यांना दुकानाचं नाव सांगत नाही. मुलीला घेऊन मिरजेला जा, सांगते. एक दिवस काढा. भाव नंतर करा. तिला भिंतीकडे तोंड करून बसवा, चार-पाच तंबोरे लावून घ्या आणि निवड तिला करू द्या. जवारी काढणाऱ्याच्या शेजारी तासभर बसा, त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या आणि दर वर्षी परत जा. ज्या घरात असा तंबोरा येतो, त्या घरातली मुलगी उद्या गायिका होईल की नाही, कुणी सांगावं. पण ती नीट ऐकणारी माणूस नक्की होते. शाळांनी, परीक्षाकेंद्रांनी, मंडळांनी निदान एकेक चांगला, लावता येईल असा तंबोरा ठेवावा आणि तो मुलांच्या हातात द्यावा. आम्हा मागे बसणाऱ्यांना इतकी वर्षं जे सुख मिळालं, ते त्यांच्या वाट्याला यायला एवढं पुरेसं आहे.